नॉरफोकचा शेतकरी आणि आग्रा रोड

विदर्भात शंकरपट संपला की दुसरी शर्यत चहाच्या टपरीवर सुरू होते. जोडी पळाली, की धुरकऱ्यानं पळवली? जोडीचा मालक म्हणतो, बैलांत दम होता. धुरकऱ्याचे मित्र म्हणतात, कासरा त्याच्या हातात नसता तर हीच जोडी निम्म्यात धाव सोडून वावरात घुसली असती. सेकंदाचा हिशेब घड्याळ देतं, पण या वादाचा निकाल कुठलंच घड्याळ देत नाही. कारण सोपं आहे. दोन धुरकऱ्यांनी एकमेकांच्या जोड्या घेऊन पुन्हा धाव घ्यायची, असा पट कोणी भरवत नाही. २०१४ च्या बंदीनंतर पट बरीच वर्षं थंडावले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, आणि धुरळ्याबरोबर हा जुना वादही परतला.

मोटारींच्या दुनियेत हाच वाद एकदा खरोखर अदलाबदल करून मिटवण्यात आला होता. साल १९५८, ठिकाण इंग्लंडमधलं ब्रँड्स हॅच. त्या दिवशी जिंकलेल्या माणसाचं नाव जॅक सिअर्स. पेशानं तो शेतकरी होता. पुढे दहा वर्षांनी याच माणसानं आखलेल्या वाटेनं लंडनहून निघालेल्या मोटारी आग्रा रोडनं महाराष्ट्रात उतरून मुंबईला पोचल्या. तरीही मोटारशर्यतींचा नाद असलेल्या मराठी माणसाला विचारा. त्याला सेना, शूमाकर, हॅमिल्टन ठाऊक असतात, सिअर्स ठाऊक नसतो. खुद्द इंग्लंडमध्येही त्याचं नाव जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कोणी घेत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजासारख्या, कापूस-सोयाबीनच्या भावावर वर्ष मोजणाऱ्या गावात बसून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं, ते आधी तो शेतकरी होता म्हणून आणि मग त्या आग्रा रोडमुळे.

जॅक सिअर्सचा जन्म १६ फेब्रुवारी १९३० चा, नॉर्दम्प्टनचा. हे शहर बुटांसाठी प्रसिद्ध, आणि सिअर्स घराणंही बुटांच्याच धंद्यातलं. वडील स्टॅन्ले सिअर्स यांना जुन्या मोटारींचं वेड होतं. त्यांच्या संग्रहातल्या रोल्स-रॉइस गाड्यांचं नाव दूरवर होतं. म्हणजे पोरगं पेट्रोलच्या वासातच वाढलं. पैशाची ददात नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गरिबीतून वर आलेल्या वीराची ही गोष्ट नाही. मात्र वडिलांचा धंदा न धरता जॅकनं शेती धरली. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक हा सपाट, शेतीचा परगणा आहे. तिथे त्यानं जमीन कसली आणि आयुष्यभर स्वतःची ओळख शेतकरी अशीच ठेवली. शर्यत हा त्याचा शनिवार-रविवारचा नाद होता. शर्यतीला पूर्णवेळचा धंदा करणारी पिढी अजून यायची होती.

आता सलून गाड्यांच्या शर्यतीबद्दल. सलून म्हणजे बहुधा चार दारांची, वर टप असलेली, मागे डिकी असलेली घरची गाडी. आपल्याकडची ॲम्बॅसेडर किंवा फियाट डोळ्यांसमोर आणा. फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीसाठीच जन्माला येते. रस्त्यावर तिचा उपयोग शून्य. सलून शर्यतीत मात्र जी गाडी शेजारच्या डॉक्टरच्या दारात उभी असते तीच थोडी घासूनपुसून, इंजिन कसून, मैदानात उतरते. प्रेक्षकांना ती जवळची वाटते. आपली गाडी जिंकली, असं त्यांना म्हणता येतं. कंपन्यांनाही हे कळत होतं, कारण रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात खपते.

ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद मालिका १९५८ च्या हंगामापासून सुरू झाली. तिची पहिली शर्यत नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९५७ ला ब्रँड्स हॅचवरच झाली होती. नियम असा की इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे गाड्यांचे गट पाडायचे आणि गुण द्यायचे ते गटातल्या क्रमांकावर. त्यामुळे लहान गाडीवाला सगळ्यांच्या मागून आला तरी आपल्या गटात पहिला असेल तर मोठ्या गाडीवाल्याइतकेच गुण मिळवी. कुस्तीत वजनगट असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे सगळे गट एकाच आखाड्यात एकाच वेळी उतरतात.

सिअर्सकडे होती ऑस्टिन ए १०५ वेस्टमिन्स्टर. २.६ लिटर, सहा सिलिंडर, अंगानं भरलेली, जाणत्या पाटलानं बाजाराला न्यावी अशी ऐटदार गाडी. समोर होता टॉमी सॉपविथ. हे नाव विमानांच्या इतिहासात रस असणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. पहिल्या महायुद्धातलं 'सॉपविथ कॅमल' हे विमान ज्यांच्या कंपनीचं, त्या सर टॉमस सॉपविथ यांचा हा मुलगा. त्याच्याकडे ३.४ लिटरची जॅग्वार होती, आणि नुसत्या वेगात ऑस्टिन तिच्या जवळपासही नव्हती. सॉपविथ आपल्या मोठ्या गटात जिंकत राहिला, सिअर्स आपल्या मधल्या गटात. हंगाम संपला तेव्हा दोघांचेही ४८ गुण झाले होते.

आता विजेता ठरवायचा कसा? नाणं उडवून निकाल लावावा, अशी सूचना पुढे आली. दोघांनाही ती रुचली नाही. अख्खं वर्ष गाडी हाणायची आणि शेवटी छापा-काट्यावर सोडायचं? मग ऑस्टिनची मालक कंपनी बीएमसी हिच्या शर्यत विभागाचे प्रमुख मार्कस चेंबर्स यांनी तोडगा काढला. त्यांनी एकसारख्या दोन रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या आणून दिल्या. पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती घ्यायच्या; पहिल्या शर्यतीनंतर दोघांनी गाड्या बदलायच्या; दोन्हींचा वेळ मिळवून ज्याची बेरीज कमी, तो अजिंक्य. सॉपविथनं हे मान्य केलं, याचं मला विशेष वाटतं. गाड्या पुरवणारी कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या गाडीची होती. आजचा एखादा संघ असता तर आधी वकील बोलावले असते.

त्या दिवशी रस्ता ओला होता. पहिली शर्यत सॉपविथनं २.२ सेकंदांनी जिंकली. गाड्या बदलल्या. दुसरी सिअर्सनं ३.८ सेकंदांनी जिंकली. वजाबाकी केली तर उरले १.६ सेकंद, आणि तेवढ्यावर जॅक सिअर्स ब्रिटनचा पहिला सलून अजिंक्यवीर ठरला. त्या दिवशी दोन धुरकऱ्यांनी एकमेकांच्या जोड्या हाकल्या होत्या. मोटारशर्यतीच्या पुढच्या इतिहासात जॅग्वार जिंकली, फोर्ड जिंकली, बीएमडब्ल्यू जिंकली असंच लिहिलेलं सापडतं. माणूस किती आणि यंत्र किती, हे वेगळं काढता येत नाही. १९५८ च्या त्या दहा फेऱ्यांत ते काढता आलं. म्हणूनच पुढच्या काळातल्या कितीतरी मोठ्या विजयांपेक्षा हा छोटा विजय मला जास्त खरा वाटतो.

इथे एक गोष्ट आपल्या घरची निघते. त्या रायलीच्या नाकाडाखाली जे इंजिन होतं ते बीएमसीचं 'बी सिरीज' जातीचं, १,४८९ सीसीचं. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स मॉरिस ऑक्सफर्डची जी भारतीय आवृत्ती बनवत होती, त्या ॲम्बॅसेडरमध्ये १९५९ पासून याच जातीचं, याच मापाचं इंजिन बसू लागलं. रायलीत दोन कार्बोरेटर होते, ताकद थोडी जास्त होती, एवढाच भेद. म्हणजे कलेक्टरसाहेबांची पांढरी गाडी, आमदारांची लाल दिव्याची गाडी, लग्नाच्या वरातीत झेंडूनं मढवलेली गाडी आणि ब्रिटनचा पहिला सलून अजिंक्यवीर ठरवणारी गाडी, या साऱ्या इंजिनाच्या नात्यानं चुलतबहिणीच. ॲम्बॅसेडर आपल्याकडे २०१४ पर्यंत बनत राहिली. ती कोणाला वेगाची वस्तू कधी वाटली नाही. पण त्या इंजिनाच्या अंगात काय होतं, हे खामगाव-बुलढाण्याच्या गॅरेजांतल्या जुन्या मिस्त्र्यांना नक्की ठाऊक असणार. त्यांनी आयुष्यभर तेच उघडलं आणि मिटवलं.

सिअर्सचं दुसरं अजिंक्यपद १९६३ चं, आणि तो किस्सा अगदी उलटा आहे. त्या वर्षी जॉन विलमेंटच्या संघाकडून तो आधी फोर्ड कॉर्टिना जीटी चालवत होता. मेमध्ये सिल्व्हरस्टोनला त्याच्या हाती फोर्ड गॅलॅक्सी आली. सात लिटरचं इंजिन, पाच मीटरहून लांब, अमेरिकेच्या सरळ रस्त्यांसाठी बनवलेली अजस्र गाडी. तोवर मोठ्या गटात जॅग्वारचं राज्य होतं. इंग्लंडच्या वळणावळणाच्या मैदानांवर हा हत्ती कसा वळणार, असं म्हणणारे पुष्कळ होते. सिअर्सनं पदार्पणातच जॅग्वारांना मागे टाकून शर्यत जिंकली आणि मोठ्या सलून गाड्यांच्या गटातलं जॅग्वारचं राज्य त्या मोसमात मोडलं. लहान गाडी आणि राक्षसी गाडी, दोन्हींत तोच हात. त्याच वर्षी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माइक सॅल्मनच्या जोडीनं फेरारी चालवून तो पाचवाही आला.

त्याला लोक 'जंटलमन जॅक' म्हणत. स्वभाव शांत, बोलणं मोजकं, हातात स्टिअरिंग आलं तरी डोकं थंड. फक्त एकदा त्याचं डोकं तापलेलं सगळ्यांनी पाहिलं. जुलै १९६४, पुन्हा ब्रँड्स हॅच, ब्रिटिश ग्रां प्रीच्या दिवशीची जोडशर्यत. सिअर्स एसी कोब्रात होता. सुरुवातीच्या रांगेत कोण कुठे उभं राहायचं यावरून गोंधळ झाला आणि चूक सिअर्सच्या माथी मारून पंचांनी काळा झेंडा दाखवला. काळा झेंडा म्हणजे गाडी आत घ्या आणि जाब द्या. तो आत आला, बोलणी खाल्ली, आणि सगळ्यांच्या मागून पुन्हा मैदानात गेला. त्यानंतर जे झालं त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. एकेक गाडी कापत, कोब्राचं मागचं अंग प्रत्येक वळणावर घसरत-सावरत तो पुढे येत गेला. सर्वांत पुढे जॅग्वार ई-टाइपमध्ये एक तरुण स्कॉट होता, जॅकी स्टुअर्ट, जो पुढे तीनदा जगज्जेता झाला. सिअर्सनं त्यालाही गाठलं, मागे टाकलं आणि शर्यत जिंकली.

त्याच वर्षीच्या जूनमधली एक पहाट मात्र त्याच्या नावाला कायमची चिकटली. ल माँसाठी बनवलेली बंद टपाची कोब्रा तपासायची होती. इंग्लंडमध्ये तिचा पूर्ण वेग निघेल इतकं लांब मैदान नव्हतं. तेव्हा एम १ हा नवा मोटारमार्ग होता आणि त्यावर वेगमर्यादा नव्हती. पहाटे चारच्या सुमाराला सिअर्सनं तिथे गाडी ताशी १८५ मैलांवर नेली. म्हणजे जवळजवळ २९८ किलोमीटर. कायदा कुठेही मोडला नव्हता. पण बातमी फुटली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, आणि डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा आली तेव्हा ती सिअर्समुळेच आली, असं बोललं जाऊ लागलं. ते तितकंसं खरं नाही. मर्यादेमागचं मुख्य कारण होतं १९६५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर धुक्यात झालेले साखळी अपघात. पण लोकांना कायद्यामागे माणूस लागतो. तो त्यांना मिळाला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, सरळसोट काँक्रीट आणि रात्री डोळ्यांवर येणारी झापड. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. रिकाम्या रस्त्यावर, तरबेज हातांनी, तपासणीसाठी केलेला वेग वेगळा आणि प्रवाशांनी भरलेल्या रस्त्यावरचा वेग वेगळा. सिअर्सच्या चाहत्यांनीही हे मान्य करायला हवं की त्या कोब्राचा शेवट चांगला झाला नाही. काही दिवसांतच ल माँला तीच गाडी सिअर्सचा जोडीदार पीटर बोल्टन चालवत असताना अपघातात सापडली आणि मैदानाच्या कडेला, जिथे कोणी असायला नको होतं तिथे असलेली तीन मुलं मरण पावली. या खेळाची गोष्ट सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

१९६५ मध्ये तो टीम लोटसकडून जिम क्लार्कच्या बरोबरीनं लोटस कॉर्टिना चालवत होता. क्लार्क म्हणजे त्या काळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा चालक, १९६४ चा ब्रिटनचा सलून अजिंक्यवीर, आणि घरी स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांचा शेतकरी. एकाच संघातले दोन्ही चालक शेतकरी, हा योग मजेचा आहे. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला लोटस ४० या गाडीची चाचणी घेताना सिअर्सला भयंकर अपघात झाला. तो वाचला, पण स्पर्धा तिथेच थांबल्या. वय ३५. नॉरफोकची शेती होतीच.

इथून त्याची वाट आपल्याकडे वळते.

नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं. देशावर मरगळ होती. 'डेली एक्स्प्रेस'चे मालक सर मॅक्स एटकेन, त्यांचे सहकारी जोसेलिन स्टीव्हन्स आणि टॉमी सॉपविथ जेवायला बसले असताना एक कल्पना निघाली. लंडनहून सिडनीपर्यंत मोटारींची शर्यत भरवायची. लोकांचा हुरूप वाढेल, ब्रिटिश गाड्यांची जाहिरात होईल, वर्तमानपत्रही खपेल. सॉपविथ म्हणजे तोच, १.६ सेकंदांनी हरलेला. आणि रस्ता आखायला संघटन सचिव म्हणून नेमलं कुणाला? ज्यानं त्याला हरवलं त्या जॅक सिअर्सला. त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं असेल याची कल्पना करायला मजा येते, पण ती कल्पनाच.

सिअर्सवर पडलेलं काम सोपं नव्हतं. लंडन ते मुंबई सुमारे ७,००० मैल. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत. आज हा रस्ता एका दमात मोटारीनं कोणी करून दाखवावा. व्हिसाच्या रांगेतच दोन वर्षं जातील. त्या एका दशकात मात्र लंडन ते मुंबई हा रस्ता खरोखर उघडा होता. काबूलहून पुढे सरोबीपर्यंत लाताबंद खिंडीचा जुना खडकाळ रस्ता मुद्दाम घेतला होता. मग खैबर, मग दिल्ली, मग आग्रा-इंदूरमार्गे मुंबई. मुंबईहून 'चुसान' या जहाजावर गाड्या चढवायच्या, नऊ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवायच्या आणि तिथून वाळवंट पार करून सिडनी. पहिलं बक्षीस १०,००० पौंड. त्या वेळच्या दरानं १ लाख ८० हजार रुपये.

२४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या सुटल्या. पोर्शे, मर्सिडीज, सोव्हिएत रशियाच्या मॉस्कविच, ऑस्ट्रेलियाच्या फाल्कन, आणि एक तर १९३० ची बेंटली. आयर्लंडची रोझमेरी स्मिथ लोटस कॉर्टिना घेऊन निघाली होती. पण बहुतेक गाड्या सलूनच होत्या, म्हणजे नेहमीच्या, घरच्या. तुर्कस्तानातल्या सिवास ते एर्झिनजान या १७० मैलांच्या कच्च्या टप्प्यात इंग्लंडच्या रॉजर क्लार्कनं ताशी साठ मैलांच्या आसपास सरासरी काढून आघाडी घेतली आणि मुंबईपर्यंत ती टिकवली.

दिल्ली-मुंबई टप्पा कागदावर सोपा होता, डांबरी रस्ता आणि भरपूर वेळ. पण भारतात रस्त्याच्या दुतर्फा माणसांची जी भिंत उभी राहिली, तिच्या आठवणी कित्येक चालकांनी नंतर सांगितल्या. खैबरच्या दरडींपेक्षा त्यांना त्या गर्दीची धास्ती जास्त वाटली. आग्रा रोड म्हणजे इंदूरहून सेंधवा उतरून धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट. याच रस्त्यानं तेव्हा कांद्याचे ट्रक चालत, बैलगाड्या चालत, एस.टी. चालत. आणि डिसेंबर १९६८ च्या सुरुवातीला एका रात्रीपुरते त्याच रस्त्यानं जगातले नामांकित चालक मुंबईकडे गेले. ज्या देशात तेव्हा गाडी घ्यायची म्हणजे ॲम्बॅसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेरल्ड, आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबायचं, त्या देशातल्या माणसांना हे दृश्य कसं वाटलं असेल? धुळ्याला याच आग्रा रोडला जळगाव, मलकापूर, नांदुरा, खामगावकडून येणारा आमचा रस्ता मिळतो. आमच्या रस्त्यावर त्यातली एकही गाडी आली नाही. दोन-अडीचशे किलोमीटरनं आमची शर्यत हुकली.

मुंबईला ७० च्या आसपास गाड्या धड पोचल्या आणि जहाजावर चढल्या. ऑस्ट्रेलियात रॉजर क्लार्कचं नशीब फिरलं. आधी इंजिनाचा पिस्टन गेला. मग मागचा डिफरन्शियल फुटला. रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक कॉर्टिना दिसली, तेव्हा तिच्या मालकाची मनधरणी करून त्यानं त्या गाडीचा मागचा ॲक्सलच विकत घेतला आणि बसवून पुढे गेला. पण ८० मिनिटं गेली ती गेली. मग बेल्जियमचा ल्युसियाँ बियांकी सित्रोएनमधून आघाडीवर आला. सिडनी ९८ मैलांवर राहिलं असताना समोरून आलेल्या गाडीवर त्याची सित्रोएन आदळली आणि चुराडा झाला. मागून आलेला पॅडी हॉपकर्क थांबला, जखमींना सावरलं, पेटलेली गाडी विझवली. त्यानं थांबावं, हेच बरोबर होतं. जिंकला मात्र अँड्र्यू कॉवन, हिलमन हंटरमध्ये, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉयल या जोडीदारांसह.

आणि कॉवन कोण? स्कॉटलंडच्या डन्स गावाजवळचा शेतकरी, जिम क्लार्कचा शेजारी आणि मित्र. क्लार्क त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला अपघातात गेला होता. कॉवननं कंपनीकडे मागणी काय केली होती? शेवटचा क्रमांक गाठून देईल अशी गाडी द्या. त्याचा हिशेब असा की सिडनीपर्यंत सहा-सातच गाड्या पोचतील, तेव्हा न मोडणारी गाडी हवी, पळणारी नको. हा हिशेब शर्यतवाल्याचा नाही, शेतकऱ्याचा आहे. ज्याला सोयाबीन कापणीच्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडण्याची भीती माहीत आहे, त्याला तो लगेच समजतो. सिडनीला ५६ गाड्या पोचल्या, म्हणजे त्याचा अंदाज साफ चुकला. पण पैज त्यानंच मारली. १९७७ मध्ये लंडन-सिडनी शर्यत पुन्हा झाली, पुन्हा मुंबईमार्गे, या वेळी पुढे मद्रासहून जहाजानं. मर्सिडीज घेऊन कॉवननं तीही जिंकली. महाराष्ट्रातून दोनदा गेलेला आणि दोन्ही वेळा जिंकलेला हा माणूस २०१९ मध्ये वारला. आपल्याकडे त्याची फारशी दखल कुठे घेतली गेल्याचं आठवत नाही.

हिलमन हंटरची गंमत अशी की तिचीच इराणी आवृत्ती 'पैकान' या नावानं तेहरानला बनत होती आणि पुढे चाळीस-एक वर्षं तिथल्या रस्त्यांवर आपल्या ॲम्बॅसेडरसारखीच सर्वव्यापी झाली.

सिअर्सनं या शर्यतीत भाग घेतला नाही, त्यामुळे निकालाच्या यादीत त्याचं नाव नाही. रस्ता आखणाऱ्याचं नाव रस्त्यावर नसतंच. पुढे तो ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबच्या कामात राहिला. मुलगा डेव्हिड सिअर्सही शर्यतीत उतरला. १९९० च्या ल माँला पोर्शेत तिसरा आला आणि नंतर त्यानं स्वतःचा संघ चालवला. जॅक ६ ऑगस्ट २०१६ ला ८६ व्या वर्षी गेला. ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद मालिकेत, म्हणजे त्याच जुन्या सलून मालिकेच्या आजच्या अवतारात, २०१३ पासून 'जॅक सिअर्स करंडक' दिला जातो. निकष मधेमधे बदलले. अलीकडे तो ज्यांनी पहिल्या तिघांत कधीच जागा मिळवलेली नाही अशा चालकांमधल्या उत्तम चालकाला मिळतो. पहिल्या अजिंक्यवीराच्या नावाचं बक्षीस अजून न जिंकलेल्यांसाठी असावं, ही निवड ज्यानं केली त्याला या माणसाची पारख होती.

तो अपरिचित का राहिला? माझ्या मते दोन कारणं. एक म्हणजे तो फॉर्म्युला वनच्या वाटेला गेला नाही, आणि जगाची स्मृती एकाच चाळणीतून जाते. त्याच मालिकेतला बिल मॅकगव्हर्न घ्या: १९७०, १९७१, १९७२ असा सलग तीनदा अजिंक्य, तोही एक लिटरच्या आतल्या सनबीम इम्पमध्ये. किंवा १९७४, १९७६ आणि १९७७ चा अजिंक्यवीर बर्नार्ड युनेट, हिलमन ॲव्हेंजरमधला. या दोघांची नावं तरी कोण घेतं? दुसरं कारण असं की घरच्या गाडीत जिंकणाऱ्याचं कौतुक घरच्या माणसासारखंच होतं, म्हणजे होत नाही. आपल्याकडे पाहा. पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. राष्ट्रीय मोटारशर्यतीचं अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. बातमी दोन दिवस चालली. क्रिकेटमधल्या एखाद्या बदली खेळाडूच्या जखमी बोटाची बातमी यापेक्षा जास्त दिवस चालते.

आता एक विनंती. डिसेंबर १९६८ मध्ये धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी, कसारा या पट्ट्यात ज्यांनी रात्रीच्या वेळी त्या गाड्या जाताना पाहिल्या, ते आज साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. एखादा शाळकरी मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून गेला असेल, एखाद्या पेट्रोल पंपावरच्या पोरानं परदेशी गाडीत पेट्रोल भरलं असेल, एखाद्या एस.टी. चालकानं बाजू दिली असेल. मराठीत या आठवणी कोणी एकत्र लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. तुम्ही पाहिलं असेल किंवा घरात कोणी पाहिलं असेल, तर तारीख, जागा, गाडीचा रंग, जे काही आठवत असेल ते वहीत उतरवा आणि जवळच्या वाचनालयात एक प्रत द्या.